फुशिमी इनारीच्या डोंगरावर भेटलेल्यांनो, थँक्यू!

मागच्या महिन्यात आईला घेऊन क्योटोला गेलेलो, फुशिमी इनारी बघायचंच होतं, इ.स. 711 पासूनचं देवस्थान, भाताच्या देवाचं. डोंगर 233 मीटरचा म्हणून मी निवांत होतो, पण पायऱ्या काही संपेनात आणि योत्सुत्सुजीच्या, म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या चौकाच्या, जरा अलीकडेच आईचा गुडघा आखडला, ती तिथेच एका पायरीवर बसली.

तर त्या आजोबांना खूप खूप थँक्यू, ज्यांनी काही न विचारता बॅगेतून दुखण्यावरची पट्टी काढली, दोन्ही तळहातांत धरून गरम केली आणि मग आईच्या हातात दिली. आणि त्या दोन कॉलेजच्या पोरी, वर जायचं सोडून आमच्यासोबत खालपर्यंत आल्या, दर दहा पायऱ्यांनी थांबत, मोबाईलवर ट्रान्सलेट करून "दुखतंय का" विचारत. उतरताना तोरींच्या, म्हणजे वाटेवरच्या त्या लाल कमानींच्या, खांबांवर मागच्या बाजूने देणगीदारांची नावं आणि तारखा दिसतात, जाताना दिसत नाहीत, त्यांनीच दाखवलं. आई म्हणाली म्हणजे आपल्या देवळातल्या पंख्यावर असतं तसंच की! हे मला काही त्यांना ट्रान्सलेट करून सांगता आलं नाही.

खाली हात धुवायच्या जागी आधी डावा मग उजवा हे शिकवणाऱ्या काकूंनाही थँक्यू, आम्ही सरळ ओगराळ्याला तोंड लावणार होतो 😅

आणि आजोबा, आईने दिलेली ती शेंगदाण्याची चिक्की होती, कडक असते, दात सांभाळून खाल्ली असेल अशी आशा आहे.