हिरवा दिवा चालू, संरक्षण बंद : सर्ज प्रोटेक्टर बोर्डाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सर्ज प्रोटेक्टर बोर्डातील दोष, खोक्यावरचे चुकीचे दावे आणि नाकारलेला क्लेम

महोदय,

आपला सहा सॉकेटचा सर्ज प्रोटेक्टर बोर्ड (विजेच्या झटक्यापासून उपकरणे वाचवणारा) घरच्या कॉम्प्युटरला लावलेला होता. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीजपुरवठा देणारा डबा) आणि मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट (इंटरनेट केबलची खाच) असे दोन्ही गेले. बोर्डावरचा ‘प्रोटेक्टेड’ हा हिरवा दिवा मात्र आजही लागतो. घरचे अर्थिंग सदोष असावे आणि वीज पडणे ही नैसर्गिक आपत्ती असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे आपल्या क्लेम विभागाने लेखी कळवले. मग खोक्यावर कडाडत्या विजेचे चित्र कशासाठी छापले आहे?

क्लेम नाकारल्यावरच बोर्ड उघडला आहे, तेव्हा सील तोडल्याची सबब आता चालणार नाही.

आत फेज आणि न्यूट्रल या दोन तारांच्या मध्ये एकच एमओव्ही आहे, म्हणजे जादा दाबाचा झटका स्वतःवर घेणारी चकती. निळी चकती, एका कडेला तडकून काळी पडलेली, त्यावर १०डी४७१ असा छाप. म्हणजे व्यास १० मिलिमीटर. खोक्यावर ६५०० अँपिअर लिहिले आहे, पण हा आकडा २० मिलिमीटरच्या चकतीचा असतो. १० मिलिमीटरची साधी चकती ८/२० मायक्रोसेकंदांचा (चाचणीसाठी ठरलेला क्षणिक) साधारण २५०० अँपिअरचा झटका सोसते, तोही एकदाच. लहान झटके ती जास्त वेळा पचवते, पण दर वेळी थोडी थोडी खराब होत जाते आणि शेवटी शॉर्ट होते. इथे तेच झाले. तिच्या मागचा थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापताच चकतीची जोडणी तोडणारा फ्यूज, उडाला. तो उडाला हे बरेच झाले, नाहीतर बोर्डच पेटला असता.

खरी चूक यापुढे आहे. हिरव्या दिव्याची जोडणी या फ्यूजच्या अलीकडून, म्हणजे वीज येते त्या बाजूने, घेतली आहे. त्यामुळे चकती मेली तरी सॉकेटला वीज मिळत राहते, दिवाही लागत राहतो आणि ग्राहक निर्धास्त बसतो. हीच जोडणी फ्यूजच्या पलीकडून घेतली असती तर फ्यूज उडताच दिवा विझला असता. सर्किट बोर्डवरची एक तांब्याची रेघ बोटभर सरकवायची होती, खर्च शून्य.

अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून मोजून घेतले आहे, ३ ओहम, म्हणजे चांगले. पण ते ३० ओहम असते तरी आपल्या बोर्डाला काय फरक पडला असता? अर्थिंगची हिरवी वायर फक्त सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत जाते. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामध्ये एकही एमओव्ही नाही. जवळपास वीज पडली की खांबावरच्या तारांतून फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकदमच दाब चढतो. तो अर्थकडे धावतो आणि वाटेत एसएमपीएस सापडतो. फेज-न्यूट्रलमधल्या चकतीला त्याचा पत्ताही लागत नाही.

न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले असतील, असा तर्क आपल्या इंजिनिअरने फोनवर लढवला. तसे असते तर फ्रिज, पंखे आणि एलईडी दिवेही गेले असते. ते सगळे शाबूत आहेत.

लॅनचे तर बोलायलाच नको. ‘लॅन सुरक्षित’ लिहिलेल्या दोन जॅकच्या मध्ये आठ तारा सरळ सोल्डर केल्या आहेत, बाकी काहीही नाही. इंटरनेटवाल्याची तांब्याची केबल खांबाखांबांवरून येते. तिच्यातून आलेला झटका राउटरमधून थेट मदरबोर्डवर गेला. लॅन पोर्टमधले ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टच्या चाचणीचे असतात, विजेपुढे तेवढ्याने भागत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा, मेन बोर्डात टाइप २ एसपीडी (पूर्ण घरासाठीचे झटकारोधक उपकरण) बसवा, एवढे तरी माहितीपत्रकात हवे होते. तेही नाही.

आमच्या मागण्या : बोर्डाची किंमत, नवा एसएमपीएस आणि मदरबोर्ड दुरुस्तीचा खर्च बिलांप्रमाणे द्यावा. खोक्यावरचा अँपिअरचा आकडा आणि लॅनचा दावा दुरुस्त करावा. हे मॉडेल घेतलेल्या ग्राहकांना दिव्याचा दोष कळवावा. यातल्या शेवटच्या मागणीवर तडजोड होणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू. खोक्यावरच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी जाईल.

उघडलेला बोर्ड कुरिअरने पाठवणार नाही. आपल्या तंत्रज्ञाने मल्टिमीटर घेऊन यावे आणि आमच्यासमोर मोजावे.

आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, क्लेम नाकारल्याचे पत्र, अर्थिंग चाचणीचा अहवाल, बोर्डाच्या आतले फोटो