काडतुसाची पेटी फुटते आणि माग संपतो : वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : निर्यातीच्या काडतुसांची नोंद

महोदय,

खडकी आणि वरणगावच्या दारूगोळा कारखान्यांतून निघणाऱ्या काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरं ठोकलेली असतात : खडकीची 'केएफ', वरणगावची 'ओएफव्ही'. सोबत वर्षही असतं. लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनवलेल्या काडतुसांच्या गटाचा क्रमांक, मात्र पेटीवर छापतात. पेटी फुटून माल बंदुकीच्या मॅगझिनमध्ये गेला, की घटनास्थळी सापडलेल्या पुंगळीवरून (झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या कवचावरून) कारखाना कळतो, ती कुणाला विकली होती ते कळत नाही. बंदुकीला निदान अनुक्रमांक असतो. शस्त्रांचा माग काढण्यासाठीच्या 2005 च्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतही बंदुका आल्या, दारूगोळा वगळला गेला.

पुंगळीवरच लॉट ठोकता येतो. ब्राझीलने 2003 च्या कायद्याने सुरक्षा दलांच्या काडतुसांसाठी ते सक्तीचं केलं. पण लॉट किती मोठा, यावर सगळं अवलंबून. तिथला नियम एका लॉटला 10,000 काडतुसांचा. 2018 मध्ये तिथल्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांच्या खुनात सापडलेल्या पुंगळ्या 2006 मध्ये केंद्रीय पोलिसांना विकलेल्या लॉटमधल्या निघाल्या, आणि त्या एकाच लॉटमध्ये 18 लाखांहून जास्त काडतुसं होती. एवढ्या गर्दीत कोणती पेटी कुठून गळाली, हे कोण सांगणार? म्हणून आमची पहिली मागणी : निर्यातीचा लॉट 10,000 पर्यंतच ठेवा, आणि एक लॉट एकाच ग्राहकाला द्या. साचा वारंवार बदलावा लागेल, खर्च थोडा वाढेल, हे खरं.

दुसरा गोंधळ खास आपल्या खात्याच्या आवाक्यातला. आयात-निर्यातीच्या मालाला देतात त्या आंतरराष्ट्रीय कोडांपैकी 930630 या एकाच कोडखाली पिस्तुलाची, रायफलीची, मशीनगनची काडतुसं येतात, त्यांचे सुटे भागही येतात. 2007 च्या कोडांच्या फेररचनेत वेगळा कोड रद्द झाल्यापासून काँक्रीटमध्ये खिळे ठोकणाऱ्या बांधकामाच्या यंत्राची काडतुसंही त्यातच! केवळ टनांत आकडा मिळाला तर त्याचा अर्थ लागत नाही. पिस्तुलाचं 9 मिमीचं काडतूस साधारण 12 ग्रॅमचं, रायफलीचं 7.62 × 51 चं सुमारे 24, जड मशीनगनचं 12.7 मिमीचं 115 च्या आसपास. म्हणजे एका टनात 80 हजारांवर नग असू शकतात किंवा जेमतेम साडेआठ हजार. अर्थ मंत्रालयाशी बोलून आठ अंकी पातळीवर कॅलिबरप्रमाणे हे कोड फोडा, आणि शिपिंग बिलात (कस्टम्सकडे भरायच्या निर्यात-अर्जात) वजनासोबत नगसंख्या व लॉट नंबर सक्तीचे करा.

तसं केलं तर समोरच्या देशाच्या आयात-आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहता येतील. ताळा जुळत नाही म्हणजे लगेच चोरी समजू नये. आपण एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत लिहितो, ते भाडं आणि विमा धरून सीआयएफ लिहितात. डिसेंबरात निघालेला माल तिकडे जानेवारीत, पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतो. मधल्या बंदरावर उतरवलेला माल कधी त्या बंदराच्या देशाच्या नावावर चढतो. एवढं वजा करूनही नगसंख्येत तफावत उरली, तर मात्र विचारणा झालीच पाहिजे.

माल शेवटी कोण वापरणार हे सांगणाऱ्या अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्रावर फार विसंबू नये. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर विमानातून शेकडो एके-47 आणि लाखो काडतुसं टाकली गेली. माल बल्गेरियातून उचललेला, प्रमाणपत्रावर नाव बांगलादेशचं. तेच विमान 22 डिसेंबरला मुंबईत उतरवायला लावलं, तोवर माल गावोगाव पोचला होता. हे प्रमाणपत्र माल निघण्याआधीचं असतं. स्कोमेट या निर्यात-नियंत्रणाच्या यादीतल्या श्रेणी 6 चे, म्हणजे शस्त्रं-दारूगोळ्याचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो, यादी आपल्या मंत्रालयाकडे आहे. तेव्हा दोघांनी मिळून अट घालावी : प्रमाणपत्राची खातरजमा आपल्या दूतावासाने त्या देशाच्या मंत्रालयाकडून थेट करावी, आणि माल पोचल्यावर 90 दिवसांत लॉटनिहाय पोचपावती आली नाही तर त्या ग्राहकाचा पुढचा परवाना थांबवावा.

संयुक्त राष्ट्रांतल्या शस्त्र व्यापार कराराच्या 2013 च्या मतदानात भारत तटस्थ राहिला. तो परराष्ट्र धोरणाचा भाग आहे, त्यात आम्ही पडत नाही. वरच्या कोणत्याही गोष्टीला त्या करारावर सही लागत नाही. कारखान्यापासून खरेदीदारापर्यंत माग ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार 2019 च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने केंद्राला दिलेलाच आहे.

लॉटच्या नोंदी कोण ठेवणार आणि किती वर्षं, हे अधिसूचनेत स्पष्ट लिहा. 2005 च्या त्याच व्यवस्थेत बंदुकांच्या उत्पादन-नोंदी किमान 30 वर्षं आणि आयात-निर्यातीच्या 20 वर्षं ठेवायला सांगितलं आहे. काडतुसांनाही त्याच मुदती लावाव्यात.

आपले,
निर्यात-नोंदींचे अभ्यासक, पुणे