देणगीतून भिंत उभी राहते, शिक्षक उभा राहत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जगभरात प्राथमिकपासून उच्च माध्यमिक वयापर्यंतच्या, शाळेबाहेर असलेल्या मुलामुलींची संख्या २७ कोटी २० लाख आहे, हा युनेस्कोचा २०२५ चा अंदाज वाचल्यापासून आपल्याला लिहीन लिहीन म्हणत होतो. मी शिक्षक नाही. शाहूपुरीतल्या एका गूळ पेढीवर दिवाणजी म्हणून माझी हयात गेली. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या माणसाला मोठा आकडा दिसला की त्याच्या दोन्ही बाजू तपासायची सवय असते. देणे किती, आणि ते भागवायला जमा कुठून व कोणत्या तारखेला? शिक्षणातली देण्याची बाजू साऱ्या जगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. मला लिहायचे आहे ते जमेच्या बाजूबद्दल.

थायलंडमधल्या जोमतिएन येथे १९९० साली 'सर्वांसाठी शिक्षण' असा शब्द जगाने दिला. २००० मध्ये सेनेगलच्या डाकारमध्ये जमलेल्या देशांनी २०१५ ची मुदत घातली. शिक्षणाबद्दल खरोखर गंभीर असलेल्या कोणत्याही देशाचे काम पैशावाचून अडू दिले जाणार नाही, असेही तिथे लेखी कबूल झाले. २०१५ आले, मुदत टळली, नवी मुदत २०३० ची पडली. ती आता तोंडावर आली आहे.

या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २००० च्या सुमारास प्राथमिक वयाची जवळपास १० कोटी मुले शाळेबाहेर होती. २०१५ पर्यंत हा आकडा सहा कोटींच्या आसपास आला. प्राथमिक शाळेत मुलींचे प्रमाण मुलांच्या जवळपास बरोबरीला पोहोचले. आफ्रिकेतल्या मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली, तेव्हा पट सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेला. केनियाने २००३ मध्ये तेच केले आणि दहा लाखांहून जास्त मुले नव्याने आली. 'गरिबाला पोरे शिकवायचीच नसतात' हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येते. ते किती खोटे आहे हे या दोन देशांतल्या आयाबापांनी दाखवून दिले. पुढे काय झाले? एकेका वर्गात शंभर-शंभर मुले, झाडाखाली भरणाऱ्या तुकड्या, एका पुस्तकावर वाकलेली चार-चार डोकी, आणि जुजबी प्रशिक्षण देऊन उभे केलेले हजारो शिक्षक. मुले आली, पण त्यांच्या मागोमाग पगाराचा पैसा आला नाही. २०१५ नंतरच्या दहा वर्षांत तर शाळेबाहेरच्या मुलांच्या संख्येत जवळजवळ घटच झालेली नाही.

शाळा हा दरमहाचा खर्च आहे. इमारत एकदा बांधून होते, पण शिक्षकाचा पगार दर महिन्याला, वर्षानुवर्षे द्यावा लागतो. गरीब देशांत शिक्षण खात्याचा बहुतेक पैसा पगारावरच जातो. परदेशी मदत येते ती प्रकल्पाच्या नावाने, दोन-तीन वर्षांच्या बोलीवर. असल्या पैशाच्या भरवशावर कोणता अर्थमंत्री तीस वर्षे नोकरी करणारा शिक्षक भरेल? तो खोल्या बांधतो, संगणक घेतो, उद्घाटन करतो. शिक्षकाची जागा रिकामी राहते किंवा तात्पुरत्या माणसावर भागवली जाते. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील असा युनेस्कोचा हिशेब आहे. ही माणसे देणगीतून उभी राहणार नाहीत.

आता तर ती मदतही आटत चालली आहे. २०२३ च्या तुलनेत २०२६ पर्यंत शिक्षणासाठीची परदेशी मदत ३.२ अब्ज डॉलरने, म्हणजे २४ टक्क्यांनी घटेल आणि त्यामुळे आणखी ६० लाख मुले शाळेबाहेर पडू शकतील, असा इशारा युनिसेफने २०२५ मध्ये दिला. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांना स्वतःची उद्दिष्टे गाठायला वर्षाला ९७ अब्ज डॉलर कमी पडतात. आपल्या चलनात ही तूट आठ लाख कोटी रुपयांच्या वर जाते. अतिगरीब देशांत एका विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी ५५ डॉलर खर्च होतो आणि श्रीमंत देशांत ८,५०० डॉलर. त्यातच कर्जाचे व्याज आहे. जगातले ३०० कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात, जिथले सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर खर्च करते त्याहून जास्त पैसा व्याजात घालवते. पेढीवर आम्ही व्याजात बुडालेले शेतकरी पाहिलेले आहेत. त्या घरातला पहिला काटछाटीचा खर्च पोरीची शाळा हाच असायचा. देशांचेही तसेच चालले आहे.

हे लांबचे वाटत असेल तर कोल्हापूरकडे या. कायदा करताना त्याच्या खर्चाची तरतूदही करायची, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. गोपाळ कृष्ण गोखले कागल-कोल्हापुरात शिकले. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात खर्चाचा वाटा लिहिलेला होता. दोन हिस्से सरकारने आणि एक हिस्सा स्थानिक संस्थांनी उचलायचा. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सबबींमध्ये पैशाची सबब होतीच. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे विचारले होते, की शेतकऱ्यांच्या घामातून महसूल येतो, तर तो त्यांच्या पोरांच्या शाळेवर का खर्च होत नाही?

गोखल्यांचे विधेयक पडल्यावर पाच वर्षांत, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या कायद्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. दंड लावणाऱ्या दरबाराने शाळा आणि शिक्षकाचा खर्च स्वतःच्या खजिन्यावर घेतला होता. इमारत नाही म्हणून कुणी थांबले नाही. चावडीत, देवळात वर्ग भरवा, असा महाराजांचा खाक्या होता. करवीरमधल्या चिखलीपासून सुरुवात झाली. तेव्हा जगात महायुद्ध चालू होते आणि महागाईने कहर केला होता. संस्थानाचे उत्पन्न आजच्या एका महानगरपालिकेपुढेही चिमुकले म्हणावे असे होते. त्या काळात हे झाले.

आज आपल्याकडे त्याहून मोठा कायदा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हा मूलभूत हक्क दिला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० च्या तिन्ही धोरणांनी ते मान्य केले, तरी तिथवर आपण एकदाही पोहोचलेलो नाही. प्राप्तिकर भरणारा प्रत्येक माणूस २००४ पासून शिक्षणाचा उपकर वेगळा मोजतो आहे. त्यातल्या माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकराचे काय झाले, ते कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१७ मध्ये दाखवले. २००६-०७ पासून ८० हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते आणि ते ज्या स्वतंत्र निधीत जायचे, तो निधीच कार्यान्वित झालेला नव्हता. आमच्या पेढीवर एका नावाने जमा झालेली रक्कम वर्षअखेरीस त्या खात्यावर दिसली नसती, तर मालकाने मला दुसऱ्या दिवशी गादीवर बसू दिले नसते. ही रक्कम तर देशातल्या मुलांची होती.

माझी पुतणी शाहूवाडी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर शिक्षिका आहे. ३० पर्यंत पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १० हजार रुपये अनुदान ठरलेले आहे, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. उरलेल्यात लाइट बिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि ऑनलाइन माहिती भरण्यासाठीचे रिचार्ज. हे पैसेही वर्षाच्या सुरुवातीला हातात पडत नाहीत. तोवर ती पदरचे घालते आणि मुलांपुढे बोलत नाही. पावसात ओढ्याला पाणी आले की तिची मुले खालच्या गावात जाऊच शकत नाहीत. म्हणून २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा त्या वाड्यावरच्या आया घाबरून गेल्या. त्यांची भीती खरी आहे. डोंगरातल्या सहा वर्षांच्या पोरीला घरापासून लांब नेऊन जो खर्च वाचेल, तो तिच्या हक्कातून वाचवलेला असेल.

२०२३ मध्ये राज्य सरकारने 'दत्तक शाळा' योजना आणली. तीत देणगीदाराचे नाव शाळेला देण्याची सोय आहे. कोल्हापूरकर माणूस शाळेला हात सैल सोडून देतो, हे मी गावोगाव पाहिले आहे. रंगकाम, टीव्ही, बाक, पाण्याची टाकी अशा वस्तूंनी शाळा भरून जाते. पण पगाराला देणगी देणारा मला आजवर भेटला नाही, आणि भेटूही नये, कारण ते काम सरकारचे आहे. मलावीला परदेशी मदतीचा जो अनुभव आला, तोच आपल्या वाड्यावस्त्यांवर लोकवर्गणीचा येतो.

'शाळेत जाऊनही मुलांना वाचता कुठे येते?' असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला, आणि ही स्थिती मला अस्वस्थ करते. पण वाचायला शिकवतो तो माणूस. दोन शिक्षकांवर पाच इयत्ता टाकायच्या, वर याद्या, सर्वेक्षणे आणि ॲप लादायची, आणि मग निकाल मागायचा, हे न्यायाचे नाही.

आता जिल्ह्यापुरती एक मागणी. दिवाळीच्या पुढेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे आपल्याकडे येतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको पहाटे फडात जातात आणि कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत बसते. गावाकडे तिचे नाव पटावर असते, म्हणून सरकारी कागदावर ती शाळेत आहे. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड, संत भगवानबाबा वसतिगृहे अशा योजना आहेत. तरीही कोपीवर मुले दिसतात, हे कारखान्याच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

यासाठी नवा पैसा शोधावा लागणार नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये कारखान्यांकडून आणि तितकेच सरकारकडून, अशी व्यवस्था ठरलेली आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचेच ५० लाख होतात. शिक्षणसेवकाला महिना १६ हजार मानधन आहे. कारखान्याच्या तळावर पाच महिन्यांसाठी दोन शिक्षक नेमले तर खर्च येतो १ लाख ६० हजार. पुस्तके, आहार आणि पत्र्याची शेड धरली तरी ५० लाखांतला लहानसा भागच लागेल. ही जमा देणगीची नाही, ऊस गाळला की ती दर हंगामाला होणारच.

तेव्हा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि कारखान्यांनी एकत्र बसून गाळप सुरू होण्याच्या आधी तीन गोष्टी वृत्तपत्रांतून जाहीर कराव्यात. कोणत्या तळावर किती मुले अपेक्षित आहेत, तिथे शिकवायला कोण जाणार आहे, आणि त्याचा पहिल्या महिन्याचा पगार कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला निघणार आहे. सरकारचा पैसा उशिरा येणार असेल तर जिल्हा परिषदेने सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, आगाऊ रक्कम द्यावी आणि मागाहून वळती करून घ्यावी. हे जमाखर्चात बसते. ते कसे मांडायचे हे कुणाला हवे असेल, तर मी येऊन लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
शाहूपुरी, कोल्हापूर