उलट्या क्रेटवरची सकाळ

जांभळी नाक्यावरून कौपिनेश्वराकडे वळताना बसणाऱ्या फुलवाल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्यासमोर उभं राहून आभार मानायचा प्रयत्न केला. तुम्ही झेंडूवर पाणी मारता मारता म्हणालात, "आभार कसले काका, पुडी घेताय का?" मी पुडी घेतली आणि घरी आलो. बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. तुमची धाकटी वाचून दाखवेलच.

मार्चमध्ये बाथरूममध्ये घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं थोडं चाला. चालायला हरकत नव्हती, पण घरातून बाहेर पडायचीच लाज वाटायची. खारकर आळीतल्या गॅलरीत मी भिंतीकडे तोंड करून बसत असे. बायको बिचारी दोनदा खुर्ची रस्त्याकडे फिरवून गेली, मी दोन्ही वेळा परत फिरवली. रात्री झोप नाही. पहाटे साडेचारला डोळे टक्क उघडे.

मेच्या मध्यावर एका पहाटे, घरी कोणी उठायच्या आत, वॉकर घेऊन तलावपाळीला निघालो. तुमच्या फळीपाशी पाय थरथरायला लागले. तुम्ही वर न बघता रिकामा क्रेट उलटा केलात, त्यावर गोणपाट टाकलंत आणि म्हणालात, "बसा. उभं राहून गिऱ्हाईक अडवू नका."

त्या दोन महिन्यांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. सगळे हळू आवाजात बोलायचे.

पाचेक मिनिटांनी दूर्वांचा ढीग माझ्या पुढ्यात सरकवलात. एकवीसची जुडी करा, फुलोरा आलेली काडी काढून टाका. मी दहा जुड्या बांधल्या. तुम्ही त्या एकेक करून परत मोजल्यात आणि दोन माझ्यासमोर टाकल्यात. एकीत वीस होत्या, एकीत बावीस. मी म्हटलं, गणपती काय मोजायला बसलाय? "गणपती नाही मोजत, बायका मोजतात." ताई, ३१ वर्षं हिशेबनीस होतो मी. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला पहिल्यांदा हसत काहीतरी सांगितलं असेल, तर ते हे.

मग रोज यायला लागलो. क्रेटवर बसून पाहिलं ते ठाणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला ठाण्यात आली म्हणून आपण मिरवतो. मी मात्र रोज उलट दिशेला, सहा बावन्नच्या गाडीला धावलो. याच रस्त्यावरून, मान खाली घालून, डबा पोटाशी धरून. तुम्ही तेव्हाही इथेच बसत असणार.

पाच वाजता पेपरवाल्यांची पोरं फुटपाथवर बसकण मारून पुरवण्या भरतात, तो आवाज मला आता झोपेतही ओळखू येईल. त्यांच्यातला एक जण तोंडाने चहाचा कप धरून दोन्ही हातांनी पेपर घालतो. दुधाचे क्रेट आपटत उतरतात. तलावाला फेऱ्या मारणाऱ्यांपैकी पांढऱ्या बुटांचे ते गृहस्थ तिसऱ्या फेरीला थांबून तुमच्याकडून एकच तगरीचं फूल घेतात, एकच, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला देतात. बँकेतले ते साहेब गजरा घेऊन डब्याच्या पिशवीत खाली दडवतात. मी विचारलं, दडवतात कशाला? तुम्ही म्हणालात, आपल्याला काय करायचंय. बरोबर आहे. पण मला अजून उत्सुकता आहे.

तुमचा मुलगा पहिल्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो आणि सहाच्या आत गोणी डोक्यावर घेऊन येतो. मंगळवारी जास्वंदीच्या मिटलेल्या कळ्या असतात, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उमलतील अशा बेताच्या. उमललेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं हे मला साठीत कळलं. रतिबाच्या पुड्या बांधताना तुमचा हात बघत राहावंसं वाटतं. पानात चार फुलं, दोन तुळशीच्या मंजिऱ्या, वर दूर्वा, केळीच्या सोपाचा दोरा, एक गाठ. कुणाकडे कोण वारलंय, कुणाकडे सुवेर आहे, कोण गावाला गेलंय, हे त्या यादीतून तुम्हाला आधी कळतं. पुडी बंद झाली की तुम्ही विचारत नाही, नुसतं एक पान कमी मांडता.

आणि कसाऱ्याच्या बाजूने येणारी ती बाई. बेल आणि दूर्वांचं गाठोडं उतरवते, तुमच्या बाटलीतलं पाणी पिते, तुम्ही दोघी मिळून सात-आठ शब्द बोलता आणि हिशेब मिटतो. जूनचे पहिले दोन पाऊस झाल्यावर तिने शेवळं आणली. मी दोन जुड्या उचलल्या तर तिने काकडंही माझ्या पिशवीत टाकली, नाहीतर घसा खाजून मराल म्हणाली. आईच्या मागे आमच्या घरात शेवळाची भाजी झाली नव्हती. बायकोने फोन करून करून कृती जमवली. घसा थोडा खाजलाच.

श्रावणी सोमवारी तर मला मान वर करायला फुरसत नव्हती. रांग पार रस्त्यापर्यंत. नव्या सुना शिवामुठीला आज काय म्हणून विचारायच्या, आणि तुम्ही पैसे परत देता देता सांगायच्या, पहिल्याला तांदूळ, दुसऱ्याला तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जव. तिसऱ्या सोमवारी एका मुलीने थेट मलाच विचारलं. मी रुबाबात "मूग" म्हटलं. तिने तुमच्याकडे खात्रीसाठी पाहिलं नाही, याचा मला किती आनंद झाला हे कुणाला सांगू नका.

वॉकर कधी सुटला ते खरंच आठवत नाही. एक दिवस घरी पोचल्यावर बायको म्हणाली, अहो, तो विसरलात की काय नाक्यावर? विसरलोच होतो. तुम्ही तो फळीच्या मागे ठेवून त्याच्यावर ओलं गोणपाट वाळत टाकलं होतंत.

माझा मुलगा घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो. चांगला आहे, म्हणतो बाबा इकडे या, खाली गार्डन आहे, बाकं आहेत. जाईन चार दिवस. पण तिथे बाकावर बसलेल्याला कोणी काम सांगत नाही.

एक तक्रार आहे. मेपासून मी नेलेल्या पुड्यांचे पैसे तुम्ही घेतलेले नाहीत. जुड्यांच्या मजुरीत वळते केले म्हणता. माझ्या वहीप्रमाणे तुमचेच ४६० रुपये माझ्याकडे निघतात, आणि या बाबतीत तरी माझा हिशेब परत मोजायची गरज नाही.

शनिवारी संकष्टी आहे, साडेसातलाच दूर्वा संपतात तुमच्या. साडेपाचला येतो. बसायला घरून स्टूल आणतो, त्या दिवशी क्रेट तुम्हाला लागेल.

तुमचा,
दूर्वावाला काका