पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र : गाजर गवत ऑगस्टमध्ये उपटून काय फायदा?

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार,

आमच्याकडे माण-खटावला चाराटंचाई म्हटलं की छावण्या आणि अनुदान एवढ्यावरच बोललं जातं, पण जिथं फुकटचा चारा उगवायचा ती गायरानं अन् कुरणं गाजर गवत या तणाने गिळलीत त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पवन्या, मारवेल, कुसळी ही खरी आमची गवतं, आता रस्त्याकडेच्या गायरानात ती शोधावी लागतात.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह होतो, बॅनर लागतात, फोटो निघतात. चांगलंच आहे, पण साहेब, हे गवत मृगाच्या पहिल्या पावसाला उगवतं आणि महिन्याभरात फुलावर येतं, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर आपण उपटायला जातो तेव्हा जूनमध्ये उगवलेल्याचं बी मातीत पडून गेलेलं असतं. एका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बी धरतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. फुलावर आलेलं उपटून बांधावर टाकलं तर तिथंही बी पिकतं!

दिवाळीनंतर गवत कापणीला या एकदा. विळा चालवताना तेच हातात येतं, अंगाला खाज सुटते, काहींना तर दम्याचा त्रास होतो. पेंढी बांधताना वेचून काढणार किती? गव्हाणीत टाकल्यावर म्हैस बरोबर गवत ओढून खाते आणि गाजर गवताच्या काड्या तळाला तशाच सोडते, मग त्या काड्या शेणासोबत उकिरड्यात आणि तिथून खतातून रानात. नाइलाजाने जनावराने खाल्लंच तर दुधाला कडवट वास येतो, ते वेगळंच.

तणनाशकाचं म्हणाल तर कुरणात ग्लायफोसेट मारू देऊ नका, त्याने चाऱ्याचं गवतही जळतं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर सगळ्यात आधी गाजर गवतच येतं. त्यापेक्षा मेक्सिकन भुंगा सोडा. १९८४ साली बंगळुरूला पहिल्यांदा सोडला होता, पावसाळ्यात तो याची पानं खाऊन झाड फुलूच देत नाही आणि चाऱ्याच्या गवताला हात लावत नाही. एकट्या भुंग्याने सगळं संपेल असं मी म्हणत नाही, उन्हाळ्यात तो मातीत दडून बसतो, पण उपटणीला त्याची जोड पाहिजेच.

म्हणून मागणी एवढीच आहे की गायरानातली उपटणी रोजगार हमीत घ्या आणि ती जूनअखेर ते जुलै, फूल यायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट होऊ द्या, कामाला येणाऱ्या बायामाणसांना हातमोजे आणि मास्क द्या. उपटलेल्या जागी लगेच मारवेलचे ठोंब लावा, नाहीतर पुढच्या पावसाला परत तेच. आणि मुरूम टाकायला गायरानातून जाणारे डंपर गाजर गवताचं बी कुठून घेऊन येतात ते ग्रामपंचायतीला बघायला लावा, आमच्याकडे नवं गाजर गवत सगळ्यात आधी त्या मुरमाच्या रस्त्याकडेलाच दिसतं. पुढच्या मृगाच्या आत याचा आदेश काढा, ऑगस्टची वाट बघू नका.

आपला,
माण तालुक्यातला एक पशुपालक