एकतीस फेडर, पाच आकडे

पुणे,
शनिवार रात्र

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "लेका, तुझ्या त्या इक्वलायझरच्या, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करायच्या, डबड्यात एक कॉइल नाही, कपॅसिटर नाही, मग बेस वाढतो तरी कशानं?" तेव्हा मी टाळलं, कारण मागं तुझा पोरगा "हॅलो, माईक टेस्टिंग" करत सुटला होता. आता जेवण झालंय, घरात सगळे झोपलेत, तेव्हा निवांत सांगतो.

बेस काय, कुठलाही सूर वाढतो गुणाकारानं. तू १००० हर्ट्झचा फेडर, म्हणजे ती सरकती कळ, +६ डेसिबलवर नेलास की आत पाच आकडे बदलतात. बँड, म्हणजे त्या फेडरच्या ताब्यातला सुरांचा पट्टा, एक सप्तक रुंदीचा आणि आवाजाचे नमुने सेकंदाला ४८,००० धरले, तर ते आकडे असे: १.०३१६, −१.९२००, ०.९०५०, −१.९२००, ०.९३६५. माईकचा आवाज आत येतो तोच मुळी आकड्यांची रांग होऊन. आत्ता आलेला आकडा आणि त्याच्या मागचे दोन, यांना पहिल्या तिघांनी गुणायचं आणि बेरीज करायची. मग आपणच नुकतेच बाहेर सोडलेले दोन आकडे शेवटच्या दोघांनी गुणून त्यातून वजा करायचे. झालं. याला आमच्यात बायक्वाड फिल्टर म्हणतात. तुझ्या एकतीस फेडरसाठी हेच एकतीस वेळा, म्हणजे एका चॅनलला सेकंदाला ७४ लाख ४० हजार गुणाकार. आजकालच्या चिपला त्याचं काही वाटत नाही.

हे आकडे काढायची सूत्रं मात्र माझी नव्हेत. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन नावाच्या माणसानं ती एका टाचणात मांडून ठेवलीत. जगभरचे लोक तिथूनच उतरवून घेतात, आम्हीही घेतली. नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, सूत्रं मिळाली म्हणजे काम संपलं. कसलं काय!

कारण "आपणच बाहेर सोडलेले दोन आकडे" ही भानगड तू चांगली ओळखतोस. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की काय होतं? शिट्टी. फिल्टरच्या आत तेच चाललेलं असतं, फक्त मोजूनमापून. तो पाचवा आकडा, ०.९३६५, १ च्या आत आहे म्हणून सगळं ठीक. १ ओलांडला की माईक बंद असला तरी आतल्या आत शिट्टी सुरू. इक्वलायझर म्हणजे दावणीला बांधलेला फीडबॅक, असं मी नव्या पोरांना सांगतो. ती हसतात, पण लक्षात ठेवतात.

आता माझी फजिती ऐक. मी तेव्हा होतो त्या कंपनीत स्वस्त, १६ बिटांची चिप वापरायचं ठरलं होतं. १००० हर्ट्झ छान वाजलं, २५० छान वाजलं. सगळ्यात खालचा ३१.५ चा फेडर जरा उचलला आणि स्क्रीनवरची, बाहेर पडणारा आवाज दाखवणारी रेघ आपोआप वर चढायला लागली. गाणं बंद, माईक बंद, तरी ही बया चढतेय! छताला जाऊन चिकटली, स्पीकरमधून एक "ठप्प", आणि मग गाणं लावलं तर फाटका आवाज. दोन दिवस मी सोल्डरिंग तपासत बसलो. दोष होता दशांश चिन्हाच्या पाचव्या घरात. इतक्या खालच्या सुराला फिल्टरचे आकडे असे येतात, की त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून जेमतेम ०.००००१७ उरतं, आणि त्या एवढ्याशा शिलकीवर सगळा तोल. त्या चिपची सगळ्यात बारीक पायरी होती ०.००००६१. शिल्लक गोल होऊन शून्य! मग प्रत्येक गुणाकारात कापलेला कण न् कण आत साठत गेला, कारण फिल्टर स्वतःचं ऐकतो तसं स्वतःच्या चुकाही ऐकतो. शेवटी आकडे ३२ बिटांत नेले तेव्हा रेघ जमिनीवर आली.

उरुसातल्या गाण्याला बुवांनी आलाप लावला असताना तू फेडर हलवलास आणि करकर आली, तीही याच पोटातली. फेडर सरकला की आकडे नवे, पण फिल्टरच्या पोटात आठवण जुन्या आकड्यांची. दोघांचं जमेपर्यंत आवाजाला झटके बसतात. आता आम्ही आकडे एकदम बदलत नाही, बारीक बारीक पायऱ्यांनी सरकवतो. तुझ्याकडं जुनं सॉफ्टवेअर आहे. नवं मिळेतोवर गाणं चालू असताना बोट हळू चालव.

तुला त्या विक्रेत्यानं "लिनियर फेज", म्हणजे सगळे सूर सारख्याच उशिरानं सोडणारा इक्वलायझर, म्हणून भुरळ घातलीय ना? त्यात मागचं ऐकणं नसतंच, त्यामुळे शिट्टीचं भयही नाही. पण खालचे सूर नीट धरायचे तर हजारो आकडे लागतात. ४०९६ घेतलेस तर आवाज साधारण ४३ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. गाणाऱ्याच्या मॉनिटरला, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणाऱ्या स्पीकरला, ते लावून बघ, बुवा तंबोरा टाकून तुझ्या अंगावर येतील. शिवाय तबल्याची थाप पडायच्या आधीच तिची पुसटशी चाहूल ऐकू येते, ते तर मला अगदी भुताटकीसारखं वाटतं. रेकॉर्डिंगला ठीक, मांडवात नको.

आणखी एक, भांडण समज हवं तर. तुझ्या त्या दहा बँडच्या छोट्या मिक्सरवर तू सगळे फेडर +६ ला लावून "आवाज भरला" म्हणतोस. प्रत्येक बँड शेजाऱ्याच्या घरात एक-सव्वा डेसिबल सांडतो. मी गणित करून पाहिलं: १००० वर होतात ८.८, आणि १००० ते २००० च्या मधल्या खळग्यात ७.२. म्हणजे तू मागितलेस सहा, मिळाले जवळजवळ नऊ, तेही ओबडधोबड. त्यापेक्षा सगळा आवाज एकत्र वाढवणारा मास्टर फेडर वर कर की लेका.

पुढच्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घालून देतो. त्याआधी एक काम कर. तुमच्या गल्लीतल्या कारागिरांकडं जवारी (तारांना झणकार यावा म्हणून घोडी घासून केलेली जुळणी) नुकतीच काढलेला तंबोरा असेल, त्याचं दोन मिनिटं रेकॉर्डिंग पाठव. ४८ किलोहर्ट्झवर, एमपीथ्री अजिबात नको. १६,००० चा बँड वरच्या टोकाला आखडतो असा मला संशय आहे. ४८,००० च्या निम्म्याच्या, म्हणजे २४,००० च्या पुढं या गणिताला जागाच नाही, म्हणून त्या बँडच्या आलेखाच्या कमानीची उजवी बाजू चेपली जाते. जवारीच्या त्या झणकाऱ्यात ते ऐकू येतं का, मला कानानं बघायचंय. आणि मागं पोरगा माईक टेस्टिंग करत नसेल तेव्हाच रेकॉर्ड कर.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या