नोटीस छापली, नोंद मात्र राहून गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, सदर भागीदारी संस्थेतून आमचे अशील अमुक तारखेपासून निवृत्त झाले आहेत.’ अशा चौकटी कोणत्याही मराठी दैनिकाच्या आतल्या पानांवर नेहमी दिसतात. ती कात्रणं फाइलला लागली की पेढीतल्या सगळ्यांना वाटतं, काम संपलं. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत तसं नाही.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ७२ प्रमाणे नोंदणीकृत पेढीतून कोणी निवृत्त झालं किंवा पेढी विसर्जित झाली, तर ‘जाहीर नोटीस’ तीन ठिकाणी द्यावी लागते. भागीदारी संस्थांच्या निबंधकांना कलम ६३ खालची सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि पेढीचं मुख्य ठिकाण असलेल्या जिल्ह्यात खप असलेल्या निदान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. या तिन्हींपैकी सोपं आणि दिसणारं तेवढं, म्हणजे वर्तमानपत्रातलं, केलं जातं. राजपत्र आठवलं तर आठवतं. निबंधकांकडे मात्र कोणी जात नाही, कारण त्यांनी कधी कोणाला बोलावलेलं नसतं.

खरं दुखणं इथेच आहे. एलएलपीला (मर्यादित दायित्व भागीदारीला) दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरावा लागतो, कंपनीला वार्षिक विवरणपत्र असतं. तारीख चुकली की दंड वाढत जातो आणि सीएंचा फोन येतो. साध्या भागीदारी पेढीला निबंधकांकडे वार्षिक असं काहीच भरायचं नसतं. वडिलांनी १९८८ साली केलेली नोंदणी, काचेच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र आणि गल्ल्यामागची भिंत, इतक्यावर सगळ्यांचं समाधान असतं. पण ते प्रमाणपत्र पेढीची नोंद झाली एवढंच सांगतं. आज भागीदार कोण आहेत ते निबंधकांच्या नोंदवहीत असतं, आणि कोर्ट ती नोंदवही पाहतं.

कलम ६९(२) चे शब्द नीट वाचायला हवेत. करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी पेढीला तिऱ्हाइतावर दावा लावायचा असेल, तर पेढी नोंदणीकृत हवीच, शिवाय दावा लावणाऱ्या व्यक्ती नोंदवहीत भागीदार म्हणून दाखवलेल्या असल्या पाहिजेत. पहिली अट सगळ्यांना पाठ असते, दुसरी कोणाच्या लक्षात राहत नाही. १९८९ साली श्रीराम फायनान्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. पेढी नोंदलेली होती, पण मधल्या काळात भागीदार बदलले होते आणि तो बदल नोंदवहीत चढला नव्हता. दावा टिकला नाही. दावा लावल्यानंतर धावत जाऊन नोंद केली तरी आधीचा दावा जिवंत होत नाही. नव्याने लावायला जावं, तर तोवर पैशाच्या वसुलीची तीन वर्षांची मुदत निघून गेलेली असते. लवादाकडे जाऊ म्हणणाऱ्यांनीही सावध राहावं. करारातल्या लवाद कलमानुसार लवाद नेमण्याचा अर्जसुद्धा या कलमाच्या कचाट्यात येतो, असा १९६४ चा, तेव्हाच्या जुन्या लवाद कायद्याखालचा, जगदीशचंद्र गुप्ता खटल्यातला निर्णय आहे.

पेढीवर मात्र कोणीही दावा लावू शकतं. अडवणूक एकाच बाजूची आहे. उधारीवर माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

महाराष्ट्राने १९८४ साली या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या दुरुस्त्या केल्या, त्या बाहेरच्या राज्यांची पुस्तकं वाचणाऱ्यांना माहीत नसतात. आपल्याकडे पेढी स्थापन झाल्यापासून एक वर्षात नोंदणीचं निवेदन द्यायचं असतं. उशीर झाला तर दर वर्षाला किंवा त्याच्या भागाला १०० रुपये दंड भरून नोंदणी होते. ही रक्कम किरकोळ आहे. नोंदणीनंतरच्या बदलांचं तसं नाही. नाव, मुख्य ठिकाण, शाखा, भागीदाराचं नाव-पत्ता, भागीदारांची ये-जा, विसर्जन, यांतलं काहीही बदललं की ९० दिवसांत कळवायचं. त्यापुढे निबंधक दिवसाला १० रुपयांपर्यंत दंड ठरवू शकतात आणि तो भरेपर्यंत नोंदीत बदल करायला नकार देऊ शकतात. १ एप्रिल २०१९ ची निवृत्ती १ एप्रिल २०२५ ला कळवली, तर ९० दिवस वजा जाता २,१०२ दिवस होतात, म्हणजे एका बदलासाठी २१,०२० रुपयांपर्यंत. अशा जुन्या पेढ्यांत बदल एकच नसतो, हे वेगळं.

याच दुरुस्तीत कलम ६९(२अ) घातलं होतं. नोंदणी नसलेल्या पेढीतल्या भागीदाराला विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावाही लावता येणार नाही, असं त्यात होतं. २००९ साली व्ही. सुब्रमण्यम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. जुन्या सल्ल्यांत आणि काही वकिली नोटिसांत ते अजूनही डोकावतं, म्हणून इथे लिहिलं.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात अर्जापासून करू नये, नकलेपासून करावी. निबंधकांकडून नोंदवहीच्या उताऱ्याची प्रमाणित नक्कल काढावी, शेजारी आजवरची सगळी डीड (भागीदारीची करारपत्रं) तारखेच्या क्रमाने मांडावीत आणि ओळीने जुळवत जावं. मूळ डीड १९८८, थोरले भाऊ गेले १९९७, पुतण्या आला २००५, दुकान बाजारपेठेतून एमआयडीसीत गेलं २०१२, असा प्रत्येक बदल उताऱ्यात आहे का ते पाहावं. पहिला न नोंदलेला दुवा सापडला की काम तिथून सुरू होतं. मधला एखादा बदल गाळून थेट आजची डीड दिली की प्रकरण त्रुटी काढून परत येतं, कारण उताऱ्यातले भागीदार आणि नव्या डीडमधले ‘विद्यमान’ भागीदार जुळत नाहीत. जुन्या निवृत्तीची डीडच केलेली नसणं, हा सर्वांत त्रासदायक प्रकार. निवृत्त माणूस हयात असेल तर त्याच्याकडून तारखेसह निवृत्तीचा कबुली लेख करून घ्यावा, नसेल तर मृत्यू दाखला आणि त्या वेळची हिशेबाची कागदपत्रं जमवावीत. मागची तारीख घालून नवी डीड करण्याचा मोह आवरावा. स्टॅम्पपेपरच्या खरेदीची तारीख खोटं बोलत नाही.

भागीदार आला-गेला की निबंधकांना सूचना द्यायचा तो फॉर्म ई. इथे कायद्याची एक गंमत आहे. पेढीचं मुख्य ठिकाण किंवा नाव बदलण्याचं निवेदन नोंदणीच्या वेळेसारखंच सगळ्या भागीदारांच्या किंवा त्यांच्या मुखत्यारांच्या सहीने द्यावं लागतं. भागीदाराच्या निवृत्तीची सूचना मात्र येणारा, राहणारा किंवा जाणारा, कोणीही एक भागीदार एकट्याने देऊ शकतो. म्हणून जाणाऱ्याने ‘पेढीवाले करतील’ म्हणून गप्प बसू नये. जाहीर नोटीस होईपर्यंत पुढच्या व्यवहारांच्या देण्यात, त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या तिऱ्हाइतांसाठी, तो बांधलेलाच राहतो. फॉर्म ई भरण्याची खरी गरज त्यालाच असते. मृत भागीदाराच्या वारसांना मात्र ही भीती नाही. मृत्यूनंतरच्या व्यवहारांसाठी त्याची मालमत्ता जबाबदार राहत नाही.

त्रुटींत पहिला नंबर नावांचा. डीडमध्ये ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’, पॅनवर नुसतं आद्याक्षर. डीड करतानाच पॅनवरचं पूर्ण नाव घ्यावं आणि तेच सगळीकडे चालवावं. लग्नानंतर नाव बदललेल्या भागीदार महिलेची वेगळी सूचना लागते, ती निवृत्ती-प्रवेशात धरली जात नाही. डीड नोटराइज केली म्हणजे पुरेशी मुद्रांकित झाली, असंही नसतं. मुद्रांक कमी असेल तर आधी तो भरून घ्यावा लागतो. नोंदवहीतच टंकनाची चूक असेल, दाखल कागदात बरोबर आणि नोंदीत चूक, तर ती कलम ६४ खाली निबंधक दुरुस्त करतात. तिला बदल समजून नव्याने दंड भरायला बसू नये.

अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, भागीदाराचा मुद्दा आपल्या व्यापारी घरांत हमखास राहतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नफ्यापुरतं आत घेतलेलं असतं. तो अठरा वर्षांचा झाला, किंवा आपल्याला नफ्यात घेतलंय हे त्याला नंतर कळलं, यांतली जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून सहा महिन्यांत त्याने भागीदार व्हायचं की नाही याची जाहीर नोटीस द्यायची असते. गप्प राहिला तर सहा महिने संपताच तो पूर्ण भागीदार होतो, आणि जबाबदारी त्याला नफ्यात घेतलं त्या दिवसापासूनची. पोरगा पुण्याला इंजिनीअरिंगला आणि पेढीवर बँकेची जप्ती, असं होऊ शकतं. ही नोटीसही निबंधकांकडे गेली पाहिजे.

दोनच भागीदार असतील आणि त्यांतला एक वारला, तर डीडमध्ये ‘पेढी चालू राहील’ असं कितीही ठासून लिहिलेलं असो, भागीदारी संपते. एकट्याची भागीदारी नसते. वारसाला घेऊन नवी पेढी करायची, तर नवी डीड, नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक आणि नवी नोंदणी. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुन्या क्रमांकावरून नव्यावर न्यायला फॉर्म आयटीसी-०२ असतो. तो न भरता जुना क्रमांक रद्द करणारे नंतर हात चोळतात.

जीएसटीचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक. भागीदार बदलला की १५ दिवसांत फॉर्म आरईजी-१४ ने दुरुस्ती करायची, हे बहुतेकांना माहीत आहे. पण जीएसटी कायद्याच्या कलम ९० मध्ये वेगळी तरतूद आहे. निवृत्तीच्या तारखेपासून महिन्याभरात आयुक्तांना लेखी कळवलं नाही, तर निवृत्त भागीदाराची कराची जबाबदारी कळवल्याच्या तारखेपर्यंत चालू राहते. एका पानाचं पत्र आणि त्याची पोच, एवढंच काम आहे. जाणाऱ्याने ती पोच स्वतःकडे ठेवावी. व्यवसाय कर प्रत्येक भागीदाराचा स्वतंत्र, वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. निवृत्त झाल्यावर दुसरा धंदा नसेल तर त्याने आपला पीटीईसी (व्यवसाय कराच्या नावनोंदणीचा) क्रमांक रद्द करून घ्यावा, नाहीतर मागणी चढत राहते.

बँकेचा वेगळा विचार करावा लागतो. कॅश क्रेडिटच्या कागदांवर भागीदार आणि हमीदार म्हणून सही असेल, तर जाहीर नोटिशीने आधीच्या कर्जातून सुटका होत नाही. बँक, जाणारा आणि राहणारे भागीदार यांच्यातल्या करारानेच ती होते. बँकेचं लेखी मुक्तीपत्र हातात येईपर्यंत निवृत्ती डीडवर सही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. निवृत्त भागीदार हिशेब राहणाऱ्यांवर सोपवून जातो, पण बँक त्याला सोडत नाही.

शासनाकडे एक मागणी. अर्ज ऑनलाइन घेणारं हे कार्यालय नोंदलेल्या पेढ्यांना वर्षातून एकदा एसएमएसने ‘तुमच्या नोंदीत हे भागीदार आहेत, बदल असल्यास ९० दिवसांत कळवा’ एवढं सांगू शकतं. दिवसाला १० रुपये दंडाची तरतूद १९८४ ची आहे, आठवण करून देण्याची व्यवस्था २०२५ उलटेपर्यंत झालेली नाही. ज्या पेढ्यांचे बदल वीस-वीस वर्षांपूर्वीचे आहेत त्यांना एका मुदतीपुरती दंडात सूट दिली, तर नोंदवह्या खऱ्या होतील आणि शासनाचं फारसं काही जाणार नाही. आणि वर्तमानपत्रांनी भागीदारीच्या जाहीर नोटिशीच्या अर्जावर ‘निबंधकांकडे सूचना दिली का? राजपत्रात दिली का?’ असे दोन प्रश्न छापले, तर आपल्या काउंटरवरच निम्मं काम होईल.

आपले,
भागीदारी पेढ्यांचं काम पाहणारे काही करसल्लागार, सांगली